एका दिवसात मुंबईतली कलादालनं: कोल्हापूरहून रात्रीच्या गाडीनं जाऊन काय काय बघावं?

रंकाळाकाठ
नमस्कार मंडळी. माझी पुतणी नववीत आहे. चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा झाल्यापासून तिनं एकच धोशा लावलाय, मोठ्या चित्रकारांची चित्रं प्रत्यक्ष बघायची. आजवर तिनं जे पाहिलंय ते सगळं मोबाइलच्या पडद्यावर. जानेवारीतला एखादा शनिवार धरलाय. शुक्रवारी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघायचं, सकाळी सीएसएमटी, दिवसभर चित्रं आणि रात्रीच्या महालक्ष्मीनं परत. मुक्काम नाही. तिच्या दोन मैत्रिणी आणि त्यातल्या एकीची आई बरोबर आहेत.

यादी अशी काढलीय: प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, जहांगीर आर्ट गॅलरी, एनजीएमए (आधुनिक कलेचं सरकारी दालन), भायखळ्याचं भाऊ दाजी लाड म्युझियम, ताजमधली डॅग गॅलरी, फोर्टातल्या एकदोन खासगी गॅलऱ्या आणि जमलंच तर जेजे कला महाविद्यालय. माझं मत असं, की एवढं भाडं घालून जातोय तर सगळं उरकून यावं. मुलींची दहावी आली की दोन वर्षं कुठं हलता येणार नाही. जाणकारांनी क्रम सांगावा.

शाहूपुरीकर
सात ठिकाणं? एका दिवसात? दादा, ही सहल आहे का पोलीस भरती?

मीनल_ठाणे
माहेर कोल्हापूर, आता वीस वर्षं ठाण्यात, त्यामुळे या यादीतल्या सगळ्या जागा पायाखालच्या आहेत. आधी वेळांचं सांगते. प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, सव्वादहाला उघडतं. जहांगीर अकराला. एनजीएमए सोमवारी बंद, भाऊ दाजी लाड बुधवारी बंद, खासगी गॅलऱ्या बहुतेक रविवारी बंद. तुम्ही शनिवार निवडलात ते उत्तम केलंत. निघण्याआधी एकदा प्रत्येक ठिकाणी फोन करा. डागडुजी किंवा प्रदर्शनाची मांडामांड चालू असली की दालनं बंद असतात आणि ते दारात गेल्यावरच कळतं.

म्युझियम, जहांगीर आणि एनजीएमए एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत, रस्ता ओलांडला की झालं. सीएसएमटीवरून हुतात्मा चौकातून चालत गेलात तर वीसेक मिनिटं. जानेवारीत चालायला त्रास होत नाही. आपल्याकडची थंडी तिकडे नसते, स्वेटर गाडीपुरते ठेवा.

भायखळा मात्र उलट्या दिशेला. लोकलनं तिसरं स्टेशन, पुढे चालणं. जाऊन येऊन बघून तीन तास गेले समजा.

गंगावेस
भाऊ दाजी लाड सोडू नका हो! १८७२ चं म्युझियम, मुंबईतलं सगळ्यात जुनं. आतलं छत, खांब, सोनेरी नक्षी बघूनच पोरी खूश होतील. तिथं मुंबईच्या जुन्या जातीजमातींच्या मातीच्या छोट्या बाहुल्या आहेत, पगड्यांचे प्रकार आहेत. बाहेर बागेत घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. इंग्रजांनी तो विलायतेला न्यायला उचलला, तो पडून फुटला, म्हणून इथंच राहिला. पुढं तुकडे जोडून उभा केला. ज्याच्यावरून जहांगीरजवळच्या भागाला काळा घोडा नाव पडलं तो सातव्या एडवर्डचा पुतळाही १९६५ पासून तिथंच राणीच्या बागेत आहे.

शाहूपुरीकर
म्हणजे काळा घोड्याला काळा घोडा नाहीच?

मीनल_ठाणे
आहे, पण नवा. २०१७ मध्ये बसवला, त्याच्यावर स्वार नाही.

शाहूपुरीकर
त्यापेक्षा आमच्या कावळा नाक्यावर या. घोडाही आहे आणि वर ताराराणी पण आहेत. नाद नाही करायचा.

ड्रॉइंगमास्तर
त्या पुतळ्याचं नाव निघालंच आहे तर तो कुणी केला तेही मुलींना सांगा: रवींद्र मेस्त्री. आपण रोज त्याच्याखालून जातो आणि नाव विचारलं तर दहातला एक सांगतो.

मी चित्रकला शिक्षक होतो, आता निवृत्त. रंकाळाकाठ, तुमचा हेतू फार चांगला आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. सात ठिकाणं करू नका. दोन करा. मी मुलांना घेऊन मुंबईला जात असे, तेव्हा नेहमी हेच दिसायचं. पहिल्या तासाला मुलं चित्रापुढं थांबतात, दुसऱ्या तासाला पाट्या वाचतात, तिसऱ्या तासाला बाकडं शोधतात. तिसऱ्या तासानंतर त्यांच्यापुढं कितीही थोर चित्र ठेवा, ते डोळ्यांत शिरत नाही.

आणि दुसरी गोष्ट. तुमच्या पुतणीनं आपलं टाऊन हॉल म्युझियम बघितलंय का? आपले चित्रकार आबालाल रहिमान यांची चित्रं बघितलीत का? नसतील, तर मुंबईच्या आधी तिथं न्या.

रंकाळाकाठ
सर, टाऊन हॉलला शाळेच्या सहलीत गेली होती. तोफा आणि तलवारी आठवतात म्हणाली.

ड्रॉइंगमास्तर
अगदी तसंच होतं. शाळेची रांग दालनातून वाहत जाते. पुन्हा न्या, या वेळी फक्त चित्रांसाठी. आबालालांचं निसर्गचित्र लांबून बघायला लावा, मग तिला पावलापावलानं पुढं येऊ द्या. लांबून पाण्यावर ऊन पडलेलं दिसतं. हातभर अंतरावर आलं की ऊनही नाही आणि पाणीही नाही, नुसते रंगाचे ठिपके आणि कुंचल्याचे फटकारे. पुन्हा मागं सरकायला सांगा. ऊन परत येतं. हे तिला तिचं तिनं सापडलं पाहिजे, आपण बोलून दाखवायचं नाही. मोबाइलवर हे होऊच शकत नाही, कारण तिथं चित्र तळहाताएवढं असतं आणि अंतर नसतं. प्रत्यक्ष बघणं म्हणजे काय हे ज्या मुलीला एकदा टाऊन हॉलमध्ये कळलं, तिला मुंबईत दोन ठिकाणं पुरतात. नाही कळलं तर सात ठिकाणं करूनही ती पाट्याच वाचून येईल.

कोटितीर्थ
आबालालांचं नाव निघालं आणि आमच्या भागाचा विषय नाही झाला तर कसं! आमचे आजोबा सांगायचे, शाहू महाराज १९२२ मध्ये गेले तेव्हा आबालालांनी दुःखानं आपली हजारो चित्रं आमच्या कोटितीर्थ तळ्यात बुडवली. ह्या गोष्टीनं लहानपणी झोप उडायची माझी.

जुना_वाडा
हजारो हा आकडा मला पटत नाही. आमच्याकडे तीच गोष्ट रंकाळ्याची म्हणून सांगायचे. एक माणूस, एक दुःख आणि तळी दोन! ऐकीव गोष्ट आहे, ऐकीव म्हणूनच सांगावी.

कोटितीर्थ
आकडा सोडा. माणूस जेजेत शिकला, तिथं नाव कमावलं. मुंबईत राहिला असता तर पैसा आणि कीर्ती दोन्ही होतं. तो परत आला, आमच्या कोटितीर्थाच्या काठी राहिला, तेच पाणी आणि तोच घाट सकाळ-संध्याकाळ रंगवत बसला. शाहू महाराजांनी त्याला दरबारी चित्रकार केलं. हे तर ऐकीव नाही ना?

जुना_वाडा
नाही. हे सोळा आणे खरं, आणि बुडवण्याच्या गोष्टीपेक्षा मला हेच मोठं वाटतं. एकच तळं आयुष्यभर बघायचं.

कॅनव्हास_कागद
थोडं वेगळं मत मांडते. मी कोल्हापूरच्या दळवीज आर्ट्स या कलाशाळेची विद्यार्थिनी, नंतर जेजेतून पदविका. कोल्हापूरचा अभिमान मलाही आहे, पण आधी आपलं बघा, आपलंच बघा, असं करता करता इथल्या मुलांचं बघणं वास्तववादी निसर्गचित्र आणि व्यक्तिचित्रापाशी थांबतं. हात तयार होतो, डोळा अडकून पडतो. कोल्हापुरात बसून मला गायतोंड्यांची अमूर्त चित्रं कळली नसती. त्यासाठी मुंबईच गाठावी लागली. मुलीला धक्का बसू दे. एनजीएमए यादीतून काढू नका.

मंगळवार_पेठ
ते नुसता रंग फासलेलं? राग मानू नका ताई, पण त्यात बघायचं काय? आमचं पोरगं भिंतीवर काढतंय तसलं.

कॅनव्हास_कागद
राग नाही मानत, हा प्रश्न मलाही पडला होता. गायतोंडे कुंचल्यापेक्षा रोलर आणि पॅलेट नाइफ जास्त वापरायचे. रंगाचा थर द्यायचा, तो खरवडायचा, कागदाच्या तुकड्यानं उचलायचा, त्यावर पुन्हा पातळ थर. त्यामुळं कॅनव्हासच्या आतून उजेड आल्यासारखा वाटतो. वर्षाला मोजकीच चित्रं व्हायची त्यांची. मघाशी सरांनी आबालालांच्या चित्रापुढं मागं-पुढं व्हायला सांगितलं ना, तेच इथं करा. तिथं पाणी सापडतं. इथं कुठलीच वस्तू सापडत नाही, पण उजेड तोच असतो. पाच मिनिटं उभे राहा आणि मग सांगा.

मंगळवार_पेठ
पाच मिनिटं उभं राहायचं असेल तर मिसळ खाऊन जावं लागेल. पण तुमचं म्हणणं कळलं. पोरगीला दाखवा.

ड्रॉइंगमास्तर
कॅनव्हास_कागद यांच्याशी मी सहमत आहे, आणि त्यांनी दळवीजचं नाव काढलं म्हणून आनंद झाला. आधी टाऊन हॉल म्हणतो ते तिथंच थांबण्यासाठी नव्हे. एक मात्र सांगतो, एनजीएमएमध्ये गायतोंडे दिसतीलच असं धरून चालू नका. तिथं प्रदर्शनं बदलत असतात. काय लागलंय ते आधी विचारून मगच मुलीला आशा दाखवा.

मीनल_ठाणे
बरोबर. इमारत मात्र कायम आहे! १९११ चा कावसजी जहांगीर हॉल. पूर्वी तिथं सभा आणि मैफली व्हायच्या. चित्रसंग्रहालय झालं १९९६ मध्ये. आतून वर वर चढत जायचं आणि शेवटी घुमटाखाली पोचायचं. आर्किटेक्ट जॉर्ज विटेट, समोरचं म्युझियमही त्यांचंच.

म्युझियमची कोनशिला १९०५ ची, पण लोकांसाठी उघडलं १९२२ मध्ये. मध्ये पहिलं महायुद्ध आलं आणि तयार इमारतीत लष्करी दवाखाना चालला. मधल्या दालनात गेलात की मान वर करा. आतल्या कमानींची रचना विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलीय, आणि खालची लाकडी नक्षीदार महिरप नाशिकच्या एका वाड्यातली.

गंगावेस
विटेट मुंबईत, आणि आपल्याकडं चार्ल्स मँट. नवा राजवाडा मँटचा, टाऊन हॉलही मँटचाच. मुलींना चित्रांबरोबर इमारतींचीही वही करायला लावा. टाऊन हॉलचे ते उंच टोकदार मनोरे आणि नव्या राजवाड्याचा घड्याळाचा मनोरा, एकाच माणसाची दोन कामं, पण ढंग किती वेगळा!

उजळाईवाडी
एवढ्या लांब कशाला जाताय? कणेरी मठावर न्या. पुतळे, बलुतेदार, बैल, सगळं हुबेहूब. वाटेत गुऱ्हाळ चालू असलं तर गरम काकवी. चारशे-पाचशेत दिवस सत्कारणी.

शाहूपुरीकर
काकवीला अनुमोदन.

कॅनव्हास_कागद
कणेरी मठ छान आहे, पण मुलीला चित्रं बघायचीयत. कोल्हापुरात आणखी एक जागा सुचवते, जी कुणीच सांगितली नाही: राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे संग्रहालय. सिनेमातले चंद्रकांत सगळ्यांना माहीत, चित्रकार चंद्रकांत कमी लोकांना. त्यांचं पावडर शेडिंग बघा. काळ्या पुडीनं, घासून, पुसून, नुसत्या छायाप्रकाशातून चित्र उभं केलंय. इंटरमिजिएट झालेल्या मुलीला शेडिंग म्हणजे पेन्सिलीच्या रेघा एवढंच माहीत असतं. तिथं गर्दी नसते, हवं तेवढा वेळ उभं राहता येतं.

पडदा_आणि_पेटी
जरा विषयांतर करतो. या शहरातली सर्वांत मोठी चित्रं कुठल्याच संग्रहालयात नव्हती, नाटकांच्या पडद्यांवर होती. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे मेस्त्री बंधू नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. राजवाडा, जंगल, रस्ता, सगळं हातानं. रंगमंचावर लोक तोंडात बोट घालायचे. आनंदराव १९१६ मध्ये गेले, बाबूराव सिनेमाकडे वळले, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, आणि त्यांच्या हाताखालची चित्रकार मंडळी पुढं प्रभात फिल्म कंपनीत गेली. दामले काय, फत्तेलाल काय, मुळात कुंचलेवालेच.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा आम्ही खासबागेपाशी उभे होतो. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. माणसं रडत होती. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभं केलेलं थिएटर डोळ्यांसमोर गेलं. म्हणून सांगतो, बघायचंय ते बघून घ्या.

कोटितीर्थ
त्या रात्रीचा वास अजून नाकात आहे. लिहवत नाही जास्त.

जुना_वाडा
विषय मूळ पदावर आणतो. मुंबईत कोल्हापूर शोधायचं असेल तर चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर. जन्म कोल्हापूरचा, १८६७ चा. १८९० मध्ये जेजेत गेले, तिथंच शिक्षक झाले आणि तिथंच मोठे झाले. आबालाल परत आले, धुरंधर तिकडेच राहिले. दोघांचंही बरोबर. मुलींना दोन्ही नावं सांगून गाडीत बसवा.

मीनल_ठाणे
जेजे सीएसएमटीच्या अगदी जवळ आहे, पण ते चालू कॉलेज आहे. ओळखीशिवाय आत सोडतील असं नाही. यादीतून काढलंत तरी चालेल. वार्षिक प्रदर्शन असतं तेव्हा वेगळी सहल करा.

रंकाळाकाठ
वाचतोय सगळं. भायखळा काढायला जीव होत नाही, पण सरांचं आणि मीनलताईंचं पटतंय. एक शंका. म्युझियम प्रचंड आहे म्हणतात. आत गेल्यावर काय बघायचं? मुली सगळीकडं धावतील.

कॅनव्हास_कागद
मी असते तर तळमजल्यावर मूर्ती आणि वर लघुचित्रं, एवढंच. लघुचित्रांपुढं वाकून बघायला लागतं. झाडाचं पान न् पान वेगळं काढलेलं असतं, डोळ्याची कड एका केसाच्या कुंचल्यानं ओढलेली वाटते. मूर्तींत सिंधमधल्या मीरपूरखासची मातीची शिल्पं चुकवू नका. हातात फुलं घेतलेला एक उपासक आहे, पाचव्या शतकाच्या आसपासचा. त्याची बोटं कशी धरलीयत ते मुलींना वहीत काढायला लावा. हात काढणं किती अवघड ते इंटरमिजिएटवाल्यांना चांगलं माहीत आहे. टाटांनी दिलेली युरोपियन तैलचित्रंही आहेत, पण ती वेळ उरला तर.

गंगावेस
आणि आपल्या टाऊन हॉलमधला पोसायडन विसरू नका! ग्रीकांचा समुद्रदेव, छोटीशी रोमन ब्रॉंझची मूर्ती, ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खननात सापडलेली. पंचगंगेच्या काठी रोमचा माल येत होता. मुंबईत मोठ्या मूर्ती बघायच्या आधी मुलींनी ही वीतभर मूर्ती बघावी.

शाहूपुरीकर
समुद्रदेव कोल्हापुरात आला, आणि आपण समुद्र बघायला मुंबईला चाललोय.

पहिल्यांदाच_लिहितोय
मी जहांगीरमध्ये प्रदर्शन केलंय, म्हणून राहवलं नाही. मुलींना एक आवर्जून सांगा: चित्राशेजारी खुर्चीवर बसलेला माणूस बहुतेक वेळा स्वतः चित्रकार असतो. त्याच्याशी बोला. आम्ही आठवडाभर तिथं बसतो, लोक येतात, फोटो काढतात, जातात. एखाद्या शाळकरी मुलीनं येऊन "हा रंग कसा केला?" विचारलं तर आम्हाला दिवसभर पुरतं. जहांगीरला तिकीट नाही, १९५२ पासून सगळ्यांना उघडं आहे. बाहेर फुटपाथवरही चित्रकार बसतात, तिथंही थांबा. डोळ्यांदेखत व्यक्तिचित्र काढतात, मुलींना हात चालताना बघायला मिळेल.

खासगी गॅलऱ्यांना घाबरू नका. काचेचं दार आणि आत शांतता बघून आपण मागं फिरतो. आत जायला पैसे नाहीत आणि कुणी चित्र घेताय का म्हणून विचारत नाही. जानेवारीत मुंबई गॅलरी वीकेंड असतो, तो शनिवार साधला तर एखादी गॅलरी जरूर करा. एकच.

कॅनव्हास_कागद
हे फार महत्त्वाचं लिहिलंत. चित्रकाराशी बोलणं आपल्याकडंही शक्य आहे. दसरा चौकात शाहू स्मारकच्या कलादालनात प्रदर्शन लागलं की चित्रकार तिथंच असतो. जाता-येता आत डोकवावं.

मंगळवार_पेठ
जेवणाचं कुणी बोलतच नाही. चार बायामाणसं, दिवसभर चालणार. भाकरी-चटणी बांधून न्या, रात्रीच्या गाडीत पण होईल.

मीनल_ठाणे
न्या, पण बॅग हलकी ठेवा. मोठ्या बॅगा म्युझियममध्ये आत नेऊ देत नाहीत. सीएसएमटीला सामान ठेवायची सोय आहे. दुपारी फोर्टात पोटभर आणि परवडणारं जेवण मिळतं, माणसाला हॉटेल शोधत हिंडावं लागत नाही.

रंकाळाकाठ
ठरलं. आधीच्या रविवारी सकाळी टाऊन हॉल, दुपारनंतर मांडरे संग्रहालय. मुंबईत सव्वादहाला म्युझियम, फक्त मूर्ती आणि लघुचित्रं. जेवण. मग जहांगीर, तिथं चित्रकारांशी गप्पा. एनजीएमएला फोन करून काय लागलंय ते विचारणार, पटलं तर चारच्या सुमाराला तिथं. भायखळा पुढच्या खेपेला. पुतणीला वाचून दाखवलं तर म्हणाली, सातपैकी चार काढलीत. मग आबालालांचं मागं-पुढं होण्याचं वाचलं आणि गप्प बसली. आता रविवारची वाट बघतेय.

वहीत रंग न्यावेत का?

ड्रॉइंगमास्तर
रंग आणि पाणी नको, साधी शिसपेन्सिल आणि छोटी वही. दारावर एकदा विचारून घ्या. प्रत्येकीनं दिवसभरात तीनच रेखाटनं करायची, पण उभं राहून आणि खोडरबराशिवाय. रविवारी टाऊन हॉलला मी येतो, दहाला दारात भेटू. मैत्रिणींनाही आणा.

मंगळवार_पेठ
सर, आमचं भिंती रंगवणारं पोरगं आणलं तर चालंल काय?

ड्रॉइंगमास्तर
त्याला सगळ्यांत आधी आणा.

मीनल_ठाणे
रंकाळाकाठ, जानेवारीतल्या शनिवार-रविवारची महालक्ष्मी लवकर भरते. आज रात्रीच दोन्ही बाजूंची तिकिटं काढून टाका.